घासूनपुसून लख्ख

मी एक जुना कार्बनचा इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात वीज सोडायची कांडी आहे. दिसायला राखाडी, चकचकीत, पेन्सिलीच्या तुकड्याएवढा. मित्रांनो, माझ्यावर जे गुदरलं त्याने मी अजून सुन्न आहे.

प्रयोगशाळेतल्या ताईने मला आधी पॉलिमरचा पातळ लेप दिला. मग प्लॅटिनमच्या क्षाराच्या पिवळसर पाण्यात बुडवलं. लेपाने ते पाणी पोटभर पिऊन घेतलं. नंतर तिने मला दुसऱ्या, रंगहीन द्रावणात सोडलं मात्र, अंगभर बुडबुडे उठले आणि बघता बघता मी काळाठिक्कर पडलो. माझी तर बोबडीच वळली.

ताईला उपकरणांशी बोलायची सवय होती. "घाबरलास होय? अरे, क्षाराचा धातू झालाय. प्लॅटिनमचे कण इतके बारीक आहेत, म्हणून काळे दिसतात."

त्या काळ्या रूपावर मी खूप काम केलं. जराशी वीज दिली की पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे भराभर सोडायचो. ताई सगळ्यांना कौतुकाने दाखवायची. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

एके दिवशी पाहुणे येणार होते. ताईचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते माझ्याकडे पाहून ठरवणार होते. ताईचे सर फार टापटिपीचे. त्यांच्या उमेदीच्या काळात इलेक्ट्रोड वापरण्याआधी घासून घ्यायची रीत होती. सकाळी लवकर येऊन त्यांनी मला घासायची पावडर लावलेल्या मऊ कापडावर धरलं आणि इंग्रजी आठचे आकडे काढत प्रेमाने घासलं. मी ओरडणार कसा? माझा लेप, माझं प्लॅटिनम, सारं त्या कापडात गेलं. मग त्यांनीच मला उपकरणात बसवून ठेवलं.

पाहुण्यांसमोर ताईने वीज सुरू केली. एकही बुडबुडा नाही. तिने तारा तपासल्या, पुन्हा बटण दाबलं. मग ती माझ्याकडे वाकून पाहू लागली.

"इलेक्ट्रोडची काळजी करू नकोस," सर हळूच म्हणाले. "सकाळी मीच स्वच्छ केलाय."

"घासलात, सर?"

"केवढा काळा झाला होता."

"ते काळं म्हणजेच प्लॅटिनम होतं, सर."

सर मटकन खुर्चीत बसले. क्षाराची बाटली माझ्यावरच संपली होती आणि पाहुणे थांबणारे नव्हते. ताईचं काम बंद झालं.

मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची तर जरूर घ्या, पण आधी त्याच्या जवळच्या माणसाला एकदा विचारा. मी आता खणात असतो. येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती छान ठेवलाय, अगदी नवा दिसतो.