तानाबाईच्या पत्राचा राखणदार

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर बावीस वर्षं राहून गेलं होतं. पत्र मलकापूरहून आलं होतं, तानाबाईचं. ज्यांनी उत्तर द्यायचं, ते राजशेखरआण्णा रोज त्या पत्राची आठवण काढत आणि रोज मान खाली घालून पुस्तक उघडत. ते पत्र माझ्याच झाकणातल्या कप्प्यात होतं. मी ते सांभाळलं.

मी कोण? जुना आहे, हे कबूल. रेकॉर्डप्लेअर आहे, हेही कबूल. पण मोडका आहे असं कोणी म्हणालं, तर मी ते ऐकून घेणार नाही.

साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी पेटी, पितळी कड्या, झाकणात स्पीकर आणि रेकॉर्डवर हलकेच टेकणारी सुई. कोल्हापुरातल्या एका मिशन दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी मला आणलं. त्यांच्याजवळ रेकॉर्डींचा मोठा गठ्ठा होता. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी आपल्या चर्चमध्ये गायलेली भजनं, त्यांना तिकडे गॉस्पेल म्हणतात. तोच गळा चर्चबाहेर येऊन माणसाच्या प्रेमाचं, माणसाच्या दुःखाचं गाऊ लागला, त्याला म्हणतात सोल. महेलिया जॅक्सन, अरेथा फ्रँकलिन, सॅम कुक ही सारी मंडळी माझ्या पाठीवर फिरली आहेत. मी साधासुधा नाही, मित्रांनो.

माझी खिडकी दवाखान्याच्या धुण्याच्या अंगणाकडे उघडत असे. तिथे तानाबाई चादरी धुवायची. महेलियाबाईंचा आवाज सुरू झाला, की तिचं चादर आपटणं त्या ठेक्यावर जुळायचं. एकदा तिने खिडकीतून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कोण हो ही?" बाई म्हणाल्या, "हिनेही तरुणपणी लोकांचे कपडे धुतले." तानाबाईने ओले हात कमरेवर ठेवले. "मग माझी थोरली भनच की!"

त्या दिवसापासून ती दवाखान्याच्या लहानशा प्रार्थनाघरात मोठ्याने गाऊ लागली. तिच्यापुढे बाकीच्यांचा आवाज ऐकू येत नसे, आणि कोणाची तक्रारही नसे.

राजशेखरआण्णा त्या वेळी तरुण होते, वाचनालयात नोकरीला होते. डॉक्टरीणबाईंची पुस्तकं पोचवायला यायचे आणि दाराशी बसून ऐकायचे. बोलायचे मात्र नाहीत. मायदेशी परतताना बाईंनी मला आणि सगळ्या रेकॉर्डी त्यांच्याच हवाली केल्या. त्यांनी त्या गायकांबद्दल मिळेल ते वाचलं आणि बारीक अक्षरात चार वह्या भरल्या. एकदा तानाबाईसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ह्यांच्या गोष्टी मी कधीतरी तुम्हाला नीट सांगेन." तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी शब्द असावा.

तानाबाई निवृत्त होऊन मलकापूरला गेली आणि तिथून तिचं पत्र आलं. "शेखरआण्णा, तुम्ही शबुद दिलाय. आमच्या येशूच्या देवळात सत्तावीस जानेवारीला थोरल्या भनीची आठवण करायची हाय. ती त्याच दिवशी गेली म्हणं. पेटी घिऊन या. तुम्ही सांगा, मी गाते. कवा येतासा?"

आण्णांनी अकरा उत्तरं लिहिली आणि एकही टपालात टाकलं नाही. "मी कोण सांगणारा? मला स्वर कळत नाही, मी त्यांच्या धर्माचाही नाही. चार वह्या म्हणजे काय ज्ञान झालं?" असं ते माझ्याशी बोलायचे. मला उत्तर देता येत नव्हतं. माझ्याकडे फक्त इतरांचे आवाज असतात, आणि त्यांनी मला लावणंच सोडून दिलं होतं.

मग माझे वाईट दिवस आले. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत माझ्यावर आधी वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला, मग लोणच्याची बरणी आली. तेलाचा एक गोल डाग अजून माझ्या झाकणावर आहे. तो मी पुसू देणार नाही, लोकांना कळू दे.

परवा भाद्रपदाच्या तोंडावर तालमीच्या मंडळाचा गुंडू आला. वय पन्नाशीचं, कान कुस्तीत मोडलेले, आवाज असा की भिंत हलावी. यंदा गणपतीपुढे 'जुनं कोल्हापूर' असा देखावा होता आणि तो मांडायचं काम त्याच्याकडे होतं. त्याची नजर माझ्यावर पडली.

"आण्णा, हे खोकं आमाला द्या की! आतलं समदं काढून टाकतो, लाइटी बसवतो. लई भारी दिसंल."

आतलं सगळं काढून! मित्रांनो, माझं आतलं म्हणजेच मी. आण्णांच्या चेहऱ्यावर नकार स्पष्ट दिसत होता, पण भिडस्त माणसाचा नकार ओठांपर्यंत येत नाही. ते पुटपुटले, "न्या."

गुंडूने बरणी उचलली, झाकण उघडलं, कप्प्यात हात घातला आणि पत्र बाहेर आलं. पाठोपाठ अकरा उत्तरंही आली. गुंडूने ते पत्र मोठ्याने वाचलं. त्याला हळू वाचताच येत नाही. अर्ध्या गल्लीने ऐकलं.

"आण्णा! बावीस वर्सं? म्हातारी वाट बघतीया आणि तुम्ही हितं लोणचं मुरवतासा?"

"ती आता आहे की नाही, कोणास ठाऊक," आण्णा म्हणाले. गेली काही वर्षं हीच भीती त्यांना लिहू देत नव्हती.

"माझी भन दिलीया की मलकापुरात!" गुंडूने तिथेच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, तानाबाई ऐंशीची झाली, डोळ्यांना दिसत नाही, पण दर रविवारी गाते. आवाज थेट एसटी स्टँडपर्यंत येतो.

आण्णा खाली बसले. मग उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "गुंडू, पेटी देणार नाही."

"आता दिली तरी कोण नेतंय!" गुंडू म्हणाला. "चालू करा."

माझा रबरी पट्टा सडला होता. गुंडूने सायकलच्या जुन्या ट्यूबची एक गोल पट्टी कापून चढवली. मी आधी कुरकुरलो. बावीस वर्षांचा अपमान एका मिनिटात कसा गिळायचा? पण सुई टेकली, महेलियाबाईंनी श्वास घेतला, आणि मी माझा राग विसरलो. त्या आवाजापुढे हट्ट चालत नाही. तो आवाज पेठेत घुमला. मांडवाचे वासे बांधणारी माणसं दोर हातात धरून दाराशी आली.

"काय छाती हाय बाईची!" गुंडू म्हणाला. "वस्ताद म्हणायचं की! कोण हो ही?"

आण्णांनी वही शोधली. बारीक अक्षर दिसेना. शेवटी वही मिटली आणि ते बोलू लागले. "ही कपडे धुवायची. मोठी झाल्यावर हिला दारूच्या क्लबात गायला बोलावलं. नाही म्हणाली. देवाचं गाणं तिथे गाणार नाही, म्हणाली. वॉशिंग्टनला लाखो माणसं आपला हक्क मागायला जमली, तेव्हा मात्र ही त्यांच्यासाठी गायली. आणि दुसरा तो सॅम कुक. काळा म्हणून हॉटेलात खोली नाकारली. त्याने गप्प निघून जायचं नाकारलं, आवाज केला. पोलिसांनी धरलं. आणि अरेथाबाई, धर्मोपदेशकाची लेक, वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली..."

ते एका जागी अडखळले, एक साल चुकले, दुरुस्त केलं. कोणी हसलं नाही. वाशाचा दोर धरलेला एकजण म्हणाला, "म्होरं?"

दुसऱ्या दिवशी आण्णांनी बारावं उत्तर लिहिलं. "तानाबाई, सत्तावीस जानेवारीला पेटी घेऊन येतो. मी सांगेन. चुकलो तर तुम्ही गाऊन सावरा." फोन का नाही, असं गुंडूने विचारलं, तर म्हणाले, "पत्राला पत्रच."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी पडून असेल, तर त्याला शोभेला ठेवू नका. त्याला चालू करा. आणि ज्यांच्या गाण्याने तुम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं, त्यांच्याबद्दल बोला. नीट येत नसेल, तर चुकत बोला. पण गप्प राहू नका.

कोपऱ्यावरची लाल टपालपेटी माझ्या खिडकीतून दिसते. आण्णा तिच्यापुढे पोचले. त्यांनी हात पुढे नेला, मागे घेतला. पुन्हा नेला.

मांडवावरून गुंडू ओरडला, "टाका की आण्णा! चावत न्हाय ती!"

त्यांनी पत्र टाकलं.