टोपीचा नवस

शेखरच्या केसांनी माघार घ्यायला सुरुवात केली पंचविशीतच, पण शेखरला ते कळलं सत्तावीस पूर्ण झाल्यावर, शहापूरच्या एका फोटो स्टुडिओत. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायला गेला होता. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवरून नजरही न उचलता, चहात साखर किती विचारावं तसं विचारलं, "कपाळावर केस थोडे खाली घेऊ का?"

शेखरने स्क्रीनकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी केस पार मागे सरकले होते आणि मध्ये तेवढा एक झुपका उरला होता. हे डोकं त्याच्या ओळखीचं होतं. त्याच्या बापाचं होतं ते.

"घ्या खाली," तो म्हणाला.

तिथून त्याच्या डोक्याचे हाल सुरू झाले. कांद्याचा रस झाला. त्या वासाने तो कामाला होता त्या हायवेवरच्या गोदामातली पोरं विचारायला लागली, "काय शेखर, सकाळीसकाळी भजी?" माक्याचं तेल झालं. शेवटी मोबाईलवरून काळ्या पावडरीची डबी मागवली. टाळूवर शिंपडायची, हलकेच थापायची, की केस दाट दिसतात. खोटं कशाला बोला, लांबून दिसायचेही. फक्त वाऱ्यापासून आणि घामापासून जपायचं.

बापाला, कोंडूला, तिशीतच टक्कल पडलं होतं. त्याने एक पांढरी टोपी डोक्यावर ठेवली आणि विषय संपवला. "डोक्यात काय हाय ते बघावं, वर काय हाय ते काय बघायचं?" असं म्हणून हसायचा. शेखरला मात्र हसू येत नव्हतं. तीन ठिकाणांहून नकार आला होता, तिन्हीकडे एकच शब्द: मुलगा वयाने मोठा वाटतो.

चौथं स्थळ वैशाखरे गावचं, रेश्माचं. मुलगी नर्सिंग शिकलेली, बोलायला मोकळी. बघायला जाताना शेखरने मामाला नेलं आणि बापाला 'उन्हाचा त्रास होईल' म्हणून घरी ठेवलं. तिथे पंख्यापासून लांब बसला. रेश्मा हसली, होकार आला, येत्या रविवारी तिच्या घरी सुपारी फोडायची ठरली. आता बापाला टाळणं शक्य नव्हतं. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, आणि फुटली नाही तर शेखरला पाचव्या दारात उभं राहायची ताकद उरली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी त्याने ओटीवर बसलेल्या बापाला गाठलं.

"बाबा, उद्या तिकडं टोपी काढायची नाय. काय पण झालं तरी."

"का रे?"

"का म्हंजे? तुमचं डोकं बघितलं की त्यांना माझं उद्याचं दिसल. दुसऱ्यांचे बाप जमीन देतात, घर देतात. तुमी मला हे टक्कल दिलंत!"

कोंडूने उगाचच टोपी जरा खाली ओढली. "बरं," एवढंच म्हणाला.

"जिभेला काय हाड हाय का रे तुझ्या?" आतून त्याची आई सकुबाई कडाडली, पण लेकाने पाठ फिरवली होती. बोललो ते जास्तच बोललो, हे शेखरला अंथरुणावर पडल्यावर कळलं. सकाळी माफी मागू, त्याने ठरवलं. सकाळी बघतो तर पावडरीची डबी अर्धी रिकामी. "कोणी सांडली? ऐन टायमाला माझ्या वस्तूंना हात लावता कशाला?" तो आईवर ओरडला. कोंडू दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होता. त्या गडबडीत माफीही राहून गेली.

किन्हवली, सरळगाव करत गाडी अकराला वैशाखऱ्याला पोचली. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि ओटीवर वीस-पंचवीस माणसं. पंखा होता, पण शेखरने तो आपल्यापासून लांब फिरवून घेतला. रेश्माचा बाप धोंडी मोठा अदबीचा माणूस. "याही, या बसा," म्हणत त्याने व्याह्याला, कोंडूला, हाताला धरून पाटावर बसवलं. मग आतून ताट आलं. ताटात गंध, नारळ, पांढराशुभ्र टॉवेल आणि कोरी टोपी.

मानाची टोपी! सुपारी फोडण्याआधी मुलीचा बाप व्याह्याची जुनी टोपी उतरवतो, कपाळाला गंध लावतो आणि नवी टोपी घालतो. दर सुपारीला, दर लग्नात हेच चालतं. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, पण आपल्याच केसांत गुंतलेल्या या शहाण्याला आठवली नव्हती.

धोंडीने हात पुढे केला, तसे कोंडूने दोन्ही हात टोपीवर दाबून धरले.

"नको, नको याही. हाय ती बरी हाय."

धोंडीचा हात तसाच अधांतरी राहिला.

"काय कमी पडलं आमचं?" त्याने हळूच विचारलं.

रेश्माची आत्या हिराबाई मात्र हळू बोलणाऱ्यातली नव्हती. "आमची टोपी घेयाची नाय, म्हंजे आमालाच टोपी घालायला आलात काय?"

दोघेचौघे हसले. धोंडी हसला नाही.

"नवस हाय माझा," कोंडू घाईघाईने म्हणाला. "पोराचं लगीन होईस्तवर टोपी उतरायची नाय."

"कोनाचा नवस?"

"म्ह... म्हसोबाचा."

जत्रेत देवापुढे उभं राहून बैलाची किंमतही खोटी न सांगणारा माणूस! तो भरल्या ओटीवर देवाच्या नावाने खोटं बोलत होता, आणि तेही धड जमत नव्हतं. शेखरने तेव्हाच उठायला हवं होतं. तो उठला नाही. उलट त्याचा हात आपल्या कपाळाकडे गेला, पावडर जागेवर आहे ना हे बघायला. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण हात गेलाच.

तेवढ्यात त्याला बापाच्या कानामागून उतरणारा ओघळ दिसला. घाम होता. काळा घाम. टोपीखालून निघून सदऱ्याच्या धुतलेल्या कॉलरवर ठिपकत होता. सकाळची अर्धी डबी शेखरच्या डोळ्यांसमोर आली.

"आत्या, नवसबिवस काय नाय," तो उठून म्हणाला. "मीच सांगितलं त्यांना, टोपी काढू नका म्हणून."

"गप रे, बस खाली!" पोर विहिरीत उडी मारायला निघालं असावं तसा कोंडू दचकला.

शेखर त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "बाबा, काढू?"

कोंडूचे हात हळूच खाली आले. टोपी निघाली. सगळी टाळू काळीकुट्ट, चुलीवरच्या भांड्याचं बूड असावं तशी. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग आपणच गप्प झालं. शेखरने धोंडीच्या ताटातला टॉवेल घेतला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि बापाचं डोकं पुसलं. कानामागे पुसलं, मानेवर पुसलं. मग तोच टॉवेल स्वतःच्या डोक्यावरून खसाखसा फिरवला.

"हे माझं डोकं," तो म्हणाला. "फोटोतलं फोटोवाल्याचं हाय."

मानाचा टॉवेल पोतेरं झाला होता. दारात उभी असलेली रेश्मा आत निघून गेली. संपलं, शेखर मनाशी म्हणाला, आणि झालं ते बरंच झालं. पण ती परत आली. हातात दुसरा टॉवेल होता.

"घ्या बाबा," तिने तो धोंडीकडे दिला. "पयला खराब झाला."

धोंडीने लेकीकडे पाहिलं, मग जावयाच्या मोकळ्या कपाळाकडे. त्याने कोंडूला गंध लावलं, टॉवेल खांद्यावर ठेवला, कोरी टोपी नीट बसवली. सुपारी फुटली. "हळद लावायला जागा तरी भरपूर हाय!" हिराबाई म्हणाली आणि सगळी ओटी हसली.

पानं वाढेपर्यंत कोंडूने शेखरची बाही धरून त्याला अंगणाच्या कडेला नेलं. नव्या टोपीखाली त्याचा चेहरा पार ओशाळला होता.

"चुकलं रे माझं," तो म्हणाला. "कोनी टोपी काढलीच, तर तुला कमीपना नको म्हनून लावलं. घाम येल हे ध्यानातच नाय आलं. तुझी पावडर पन वाया घालवली."

शनिवारपासून माफी शेखरला मागायची होती. ती बापानेच मागितली होती.