लटारूच्या घरची पाहणी

वारलूने खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि कुंपणाबाहेर नेऊन ठेवली. तो मागे वळतो न वळतो तोच त्याच्या मायने, भागीरथेने, ती पुन्हा आत आणली, पदराने पुसली आणि ओसरीवर मांडली. हे तिसऱ्यांदा झालं.

"माय, साहेब आपली गरिबी पाहाले येऊन राह्यला. पाव्हणचाराले नाई!"

"मंग का भुईवर बसवू त्याले? दारात आलेला मानूस आहे."

"खुर्ची कोनाची आहे?"

"पाटलाची. गुणवंतरावनं सोता धाडली. तू नोको पाहू तिकडं."

तिकडे नाही तर कुठे पाहायचं? मार्कांच्या कागदाची नक्कल आणायला वारलू दोन दिवस ब्रह्मपुरीला काय गेला, तेवढ्यात गावाने घर ओळखू येईनासं करून टाकलं होतं. ओसरीवर कलाबाईची सतरंजी. कोनाड्यात कुणाचा तरी कंदील, तोही काच घासून चकचकीत केलेला. चुलीपाशी शेजारच्या सुगंधाबाईच्या लग्नातलं पितळी ताट. आणि बाप, लटारू, दादाजी शिंप्याचा नवा सदरा घालून खांबाला टेकला होता. बिचारा हलतही नव्हता, सदरा मळेल म्हणून. या आळीत आजवर सरकारी माणूस आला तो दारातून ओरडायला. घरात बसून जेवणारा हा पहिलाच, मग गावाची इभ्रत नको का राखायला? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. या गावाने तेही दोन दिवसांत आणून दाखवलं.

वारलूच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मॅट्रिक फर्स्ट क्लास झाल्यापासून तो अर्ज लिहीत होता. नागपूरच्या एका फंडाने कळवलं, आम्ही फक्त आमच्या समाजाच्या मुलांना देतो. दुसऱ्या ठिकाणचा फॉर्म आरमोरीहून आठवड्याच्या डाकेने आला तेव्हा शेवटची तारीख उलटून चार दिवस झाले होते. आता राहिली होती ही एकच, गरीब विद्यार्थ्यांची सरकारी स्कॉलरशिप. तिची अट एवढीच, की तहसिलीतल्या साहेबाने स्वतः घरी येऊन पाहावं आणि कुटुंबाची स्थिती लिहावी. जुलैत कॉलेज सुरू होणार होतं. हा कागद गेला की कॉलेजही गेलं.

"माय, आयक ना," तो काकुळतीला आला. "त्याले घर रिकामं दिसलं पायजे."

"लेका, भिकाऱ्याच्या पोराले कोन शिकवते? अन् उपाशी मानसाच्या हातून कोनाचं भलं झालं कधी? साहेब खाऊन खुश होऊन जाईन, तं देईन."

कपाळ!

साहेब अकराच्या सुमारास सायकलवर आला, मागे कोतवाल धापा टाकत. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसला, घाम पुसला, वारलूचे मार्क पाहून "शाब्बास" म्हणाला. मग मांडीवर फाईल उघडली.

"जमीन किती, लटारू?"

"दोन एकर, साहेब. बटईनं करतो," लटारू सदऱ्याच्या आतून पुटपुटला.

"पन धान मस्त पिकते, साहेब," भागीरथा दाराआडून म्हणाली. "देवाच्या दयेनं काईच कमी नाई."

जून लागला होता आणि घरातली धानाची ढोली महिनाभर पालथी पडली होती. वारलूने दात आवळले.

साहेबाने सतरंजीकडे, कंदिलाकडे पाहिलं, फाईल मिटून बाजूला ठेवली. "ठीक आहे. जेवण झालं की लिहून टाकतो."

वारलूने तेवढ्यात ठरवून टाकलं. साहेबाने हात धुतले, की सगळं सांगायचं. खुर्ची पाटलाची, ताट सुगंधाबाईचं, तांदूळही तिचेच. माय रडेल, बाप मान खाली घालेल, गाव वर्षभर तोंड पाहणार नाही. नाही तर नाही! एक दिवसाची लाज की जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवायचा?

सुगंधाबाईने दिलेल्या शेरभर चिन्नोर तांदळाचा वास ओसरीभर दरवळला. साहेब मन लावून जेवत होता. कोतवालाने तर कोंबडीच्या रश्श्यासोबत दोनदा भात मागून घेतला. मेल्याला आजच भूक लागायची होती.

"बाई, भात फार सुरेख आहे हो," साहेबाने ताटावरून मान वर केली. "थोडा आणखी आणा."

आत गंजात भाताचं शीत उरलं नव्हतं. वारलूला दारातून सगळं दिसत होतं. मायने पळीने गंजाचा तळ खरवडला, काही निघालं नाही. मग तिने बाजूचं मडकं पाहिलं. त्यात घरच्यासाठी शिजवलेली पातळ आंबील होती. ती हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. बाहेर साहेबाचा हात ताटावर थांबलेला.

चला, सुटलो, वारलूच्या मनात आलं. आता आपल्याला तोंड उघडायलाच नको. आणखी घटकाभर असंच गेलं, की साहेब काय ते आपोआप समजेल. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात मायने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. आता आपण पकडले गेलो असं तिचं तोंड झालं होतं.

मागच्या दाराने वारलू कधी निघाला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. कुंपणाच्या काट्याने पोटरी ओरबाडली. सुगंधाबाई आपल्या पोरांना वाढायला बसली होती. त्याच्या तोंडाकडे एकदा पाहून तिने पोरांपुढचा भात परत गंजात ओतला आणि गंज त्याच्या हातात दिला.

तो धापा टाकत परतला, मायच्या हातातली पळी घेतली आणि स्वतःच ओसरीवर वाढायला गेला.

"अरे बस, बस," साहेब हसला. डाव्या हाताने त्याने फाईल जवळ ओढली.

वारलूने आणखी एक पळी वाढली.

"घ्या ना, साहेब," तो म्हणाला. "घरात भरपूर आहे."