आंबट पेजेवरची पिल्लं

सकाळी खुराड्याचं दार उघडलं तेव्हा तीन पिल्लं मान टाकून पडली होती. बाकीची सतरा कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, डोळे मिटून बसलेली. अंजनाने एकेकाला उचलून उलटं करून पाहिलं. शेपटीखालची पिसं पांढऱ्या चिकट हगवणीने लिंपून गेली होती. तिने कोमट पाण्यात चिंधी भिजवली आणि पुसायला बसली.

"दात काहून खाऊन राह्यली वो?" सासू गोदाबाई ओसरीवरून म्हणाली. "पिल्लं हायेत. मरतातच."

"गावठी कोंबडीची मरतात का अशी, एका झटक्यात तीन?"

"ते मायीच्या पोटाखाली वाढतात. ती उकरते तिथं उकरतात, ती खाते ते खातात. हे मशीनीतून निघालेले. यायले माय कुठं हाय?"

हे वाक्य अंजनाच्या मनात रुतून बसलं.

पांढरी पिल्लं ब्लॉकच्या, म्हणजे सरकारी विकास कचेरीच्या, योजनेतली होती. लालबर्र्याच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात दहा बायकांना वीस-वीस पिल्लं मिळाली होती. अंडी घरच्या लेकरांनी खायची, उरली तर विकायची, असं ब्लॉकच्या पुनाराम साहेबांनी शाळेच्या व्हरांड्यात समजावून सांगितलं होतं. अंजना चौथी शिकलेली, म्हणून गावाबाहेरच्या बौद्धांच्या वस्तीतून, टोलीतून, तिचं नाव आधी लागलं. नवरा खेमराज लांब उकव्याच्या खाणीत कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. मुलगी मैना अडीच वर्षांची, हातापायाच्या नुसत्या काड्या. त्या पिल्लांकडे पाहताना अंजनाला दर वेळी मैनाच्या ताटलीतलं उकडलेलं अंडं दिसायचं. म्हणून पिल्लं मेली तेव्हा तिला रडू आलं नाही, संताप आला. लेकराच्या तोंडचं कुणी ओढून नेतंय, असा.

कोण नेतंय हेही तिला माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यात पिल्लं शिंकायला लागली तेव्हा पुनाराम साहेबांनी पिवळ्या पुडीचा डबा आणला. पाण्यात चिमूटभर, पाच दिवस, मग बंद, असं ते सांगून गेले. डबा ठेवला डोमाजीकडे, कारण गावात कुठलीही सरकारी वस्तू आली की ती जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घराण्यातल्या डोमाजीच्या घरीच उतरायची. डोमाजीने पाच दिवसांचे अठरा केले. औषध जास्त तर वाढ जास्त, हा त्याचा हिशोब. त्याचा गडी रोज सकाळी पुड्या वाटत फिरायचा आणि अंजनानेही त्या मुकाट पाण्यात कालवल्या होत्या. ‘पाच दिवस, मग बंद’ हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी कालवल्या. हा स्वतःवरचा राग सगळ्यात खोल होता, कारण तो काढायला दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात मैनाचं असंच झालं होतं. दवाखान्यातल्या औषधाने ताप गेला, पण पोट सुटलं ते थांबेना. म्हातारा कंपाउंडर म्हणाला होता, "औषधानं वाईटासंगं पोटातलं चांगलंही मारलं, बाई. आता आंबट पाजा. ताक पाजा." अंजना मैनाला कडेवर घेऊन बसने खैरलांजीला माहेरी गेली. भावाकडे म्हैस होती. आठ दिवस ताक-भात खाऊन पोरगी हसायला लागली.

लेकराचं पोट तसं पिल्लाचं पोट. यात काय मोठं शहाणपण लागतं?

पण या टोलीत कुणाकडे दुभतं नव्हतं. ताक होतं डोमाजीकडे, आणि ताकाची गोष्ट सोपी नव्हती. गावात ताक विकत नसत, मागणाऱ्याला फुकट देत. टोलीतल्या बायका पूर्वी गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन डोमाजीच्या मागच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि घरची बाई हात उंच धरून वरून धार सोडायची. अर्धी गडव्यात, अर्धी पायावर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी टोलीची बैठक बसली आणि ठरलं, ताकाचा गडवा घेऊन कुणी जायचं नाही. सगळ्यांच्या आधी उठून हौ म्हणाली होती गोदाबाई.

अंजना गडवा न घेताच गेली. पूड बंद करा, एवढंच सांगायला.

डोमाजीच्या गोठ्यामागे त्याचीही वीस पिल्लं होती, बायको जिजाबाईच्या नावावर. घरात कोंबडीला कुणी हात लावत नसे, त्यामुळे खुराडं साफ करायचं कुणी, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून लोंबकळत होता. शीट घोट्याएवढी साचलेली. नऊ पिल्लं उरली होती.

"डोमाजीभाऊ, पूड बंद करा. साहेबानं पाच दिवस म्हटलं होतं."

भाऊ म्हटलेलं डोमाजीला टोचलं. पूर्वी या दारात मालक म्हणत. "तू डॉक्टरीण झाली का?"

"पिल्लायचं पोट मेलं त्यानं. खाते ते पचतच नाई."

"चौथी शिकली तं इतकं समजते. अजून शिकली असती तं आमचं काही खरं नव्हतं." तो आपल्याच बोलण्यावर हसला आणि आत गेला.

जिजाबाई मागच्या दारात थांबली. बाई वाईट नव्हती, फक्त कधी स्वतःच्या मनाने दोन पावलं चालली नव्हती. हळूच म्हणाली, "ताक पाजून पाहावं म्हणते माई माय. तुले पायजे का? रोज नेत जा. तेवढं जाता जाता आमचं खुराडं झाडून देत जा. आमच्यात तं कोणी हात लावत नाई."

"तुमच्यात लावत नाई," अंजना म्हणाली, "अन् आमच्यात?"

"तसं नाई वो. तुले सवय हाय म्हणून म्हटलं."

"सवय मलेही नव्हती, जिजाबाई. वीस पिल्लं आली, झाडू हातात घेतला, झाली सवय. तुमच्या गोठ्यातही झाडू असनच."

ती वळली. घरापर्यंतच्या वाटेत तिचे कान तापलेले होते. ताक हवं होतं, खरंच हवं होतं. आपण फार ताठ्यात आलो आणि पिल्लं त्यापायी मरतील, हेही डोक्यात ठणकत होतं.

ओसरीवर मैना आजीच्या मांडीवर बसून पेज पीत होती. रात्री उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी तो आंबतो. घरोघरी न्याहारी तीच. गोदाबाईच्या पेजेची मडकी मात्र वेगळी होती. तळाशी चार बोटं आंबट पेज ती कायम राखून ठेवायची आणि त्यावर नवा भात-पाणी टाकायची. मडकी बुडापर्यंत कधी रिकामी होऊ द्यायची नाही, ही तिच्या सासूची शिकवण. उन्हाळ्यात अख्ख्या टोलीत पोटं बिघडली तरी तिच्या घरात कुणी आडवं होत नसे.

अंजना दारातच उभी राहिली. मैनाच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली होती.

"आत्या, ही पेज ताकाएवढी आंबट हाय का?"

"ताकाची माय हाय ही. का बरं?"

"मले रोज एक गंज भरून पायजे. पिल्लायले."

गोदाबाईने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे माई न्याहारी कोंबड्यायच्या पोटात घालतो म्हणते. चांगली सून भेटली बाप्पा मले." मग मैनाला खाली ठेवत विचारलं, "डोमाजीकडे गेलती ना तू? त्यायनं ताक नाई देल्लं?"

"देत होते. खुराडं झाडून घ्याच्या बोलीवर."

तोंडातली तंबाखू म्हातारीने अंगणात थुंकली, जरा जोरातच. "घे," ती म्हणाली. "पण तळची चार बोटं हलवू नको. अन् मी आजपासून चहा-रोटी खाईन, तुयी पेज नको मले."

त्या दिवशी पिवळ्या पुड्या चुलीत गेल्या. आंबट पेजेचं निवळ पाणी मातीच्या ताटलीत ठेवलं, घट्ट पेजेत गिरणीवरचा बारीक कोंडा आणि चिरलेला कांदा कालवला. जी पिल्लं मान उचलत नव्हती त्यांची चोच अंजनाने चिंधीच्या टोकाने ओली केली, थेंब थेंब. मैना शेजारी उकिडवी बसून प्रत्येकाला "पी, पी" म्हणत होती. गोदाबाईने तिच्या गावठी कोंबडीखालचा जुना पेंढा आणून खुराड्यात पसरला. साहेबाने असं करू नका म्हणून सांगितलं होतं, असं अंजना म्हणाली, तर तिने हात झटकला. "मायीच्या पायाखालचं हाय. यायले माय नाई, तिचा वास तरी लागू दे."

आणखी चार मेली. अंजनाने ती एकटीने पुरली आणि प्रत्येक वेळी डोमाजीला मनातल्या मनात शिव्या दिल्या, ज्या तिला येतात हे तिला आधी ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी शीट घट्ट पडली. आठव्या दिवशी तेरा पिल्लं कोंड्यावर अशी तुटून पडली की मैना घाबरून आईच्या पदरात शिरली.

तीन आठवड्यांनी पुनाराम साहेब सायकलवरून आले, हातात रजिस्टर. डोमाजी त्यांच्यासोबत होता. साहेबाने तेराही पिल्लं पाहिली, एकाचं पोट चाचपलं, पिसं उलटी करून पाहिली.

"बहुत अच्छा. पूड बराबर दिली होती ना?"

"अठरा दिवस दिली म्हणून तं सात मेली," अंजना म्हणाली. "बंद केली अन् आंबट पेज पाजली, तवा हे जगले."

साहेबाने डोमाजीकडे पाहिलं. डोमाजी म्हणाला, "हिचं काही ऐकू नका साहेब. औषधाचाच गुण हाय." आणि मग, जणू विषय मिटला अशा सुरात, "तं दहा इथून उचलू. मायाकडे चारच राह्यले."

अंजनाला आधी कळलंच नाही. "काय उचलता?"

साहेब खाकरला. "देखो बाई, सोमवारी जिल्ह्याचे पाहुणे येणार. त्यांची गाडी डोमाजींच्या घरापर्यंतच येते, तिकडेच दाखवायचं ठरलंय. पिल्लं तर सरकारचीच आहेत. एका जागी दिसली की गावाचं नाव होईल."

"अन् नंतर?"

"नंतर बघू."

"नंतर बघू," अंजनाने त्याचे शब्द सावकाश म्हणून पाहिले. "साहेब, रजिस्टरात लिहा मग. आंबट पेजेनं जगली, या घरात जगली. तेवढं लिहा, मग घेऊन जा."

"असं रजिस्टरात लिहिता येत नाही. तिथे औषधाचाच रकाना आहे."

डोमाजीचा गडी टोपली घेऊन पुढे झाला. अंजना त्याच्या आधी खुराड्यापाशी पोहोचली. तिने दार उघडलं आणि वाकून, पदर झाडत, पिल्लांना बाहेर हाकललं. पांढरी पिल्लं टोलीभर पसरली. एक समोरच्या सीतेच्या घरात शिरलं, दोन शेजारच्या कमलाच्या चुलीपाशी, काही कुडाखालून पलीकडे.

"काय करून राह्यली?" डोमाजी ओरडला.

"मोकळे सोडले. सरकारचे हायेत ना, सरकारनं पकडावे."

गडी एकामागे धावला. तोवर सीतेने आपल्या दारातलं पिल्लू डालीखाली झाकलं होतं आणि डालीवर बसून तांदूळ निवडायला लागली होती. कमलाने तर दारच लावून घेतलं. साहेब सायकल धरून मध्येच उभा राहिला.

"तुझं नाव यादीतून काटावं लागेल," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"काटा."

डोमाजी तणतणत निघून गेला. साहेब मागे रेंगाळला. रजिस्टर बंद करून त्याने खिशातून एक चिठोरी काढली. "बाई, खैरलांजीकडेही पिल्लं मरत आहेत. ती पेज... किती दिवसांची?"

सांगू नये असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तिकडेही कुणाचं तरी लेकरू ताटली घेऊन बसलं असेल. तिने सगळं सांगितलं, तळची चार बोटं, कोंडा, कांदा, जुना पेंढा. चिठोरीकडे बघत, एकेक शब्द त्याच्यापुढे आपटावा तसा. साहेबाने लिहून घेतलं. तिचं नाव त्याने लिहिलं नाही, हे तिने पाहिलं.

सोमवारचे पाहुणे येऊन जाईपर्यंत तिने पिल्लं गोळा केली नाहीत. रोज सकाळी मैनाला कडेवर घेऊन ती घरोघर जायची, डाली उचलायची, ताटलीत पेज ओतायची आणि सीतेवर, कमलावर, सगळ्यांवर खेकसायची, की पाणी बदललं नाही, की शीट झाडली नाही. बायका हसायच्या. तिचा राग कमी झाला नव्हता. पण पिल्लू हातात घेऊन त्याचं पोट बोटाने चाचपताना, ते मऊ आणि भरलेलं लागताना, तिचा आवाज आपोआप खाली यायचा आणि मैनाही आपलं बोट तिथेच ठेवून बघायची.