पडली तर उचलणार कोण?

मोटरसायकल दारात आली तेव्हा सासूबाईंनी रंग पाहिला नाही की वेग विचारला नाही. एवढंच म्हणाल्या, "पडली तर उचलणार कोण?"

थोरली सून इस्पितळात नर्स. इस्पितळ टेकडीवर, आणि जुनी स्कूटर चढावर अशी धापा टाकायची की रुग्ण कोण नि नर्स कोण हे कळू नये. म्हणून तिने ही चारशे सीसीची घेतली. रुंद हँडल, आखूड शेपटी, बसणाऱ्याला जरासं पुढे वाकवणारी; शर्यतीच्या घराण्यातली, पण संसारी वळणाची. नवऱ्यालाही पसंत होती. मात्र आईसमोर त्याची पसंती तोंडातल्या तोंडात राहायची.

धाकटा दीर तेवढा मनापासून बोलला. "आईचं बरोबर आहे, वहिनी. पावणेदोनशे किलोचं धूड आहे ते. त्यापेक्षा मी चालवतो, तू आपली स्कूटरच ठेव." त्याने हातमोजे आधीच आणले होते. परोपकाराची एवढी तयारी सहसा कोणी करत नाही.

"ठरलं तर," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी अंगणात आडवी करू. एकटीने उचललीस तर तुझी, नाहीतर याची."

"चालेल," थोरली म्हणाली.

रविवारी सासूबाईंनी दिराच्या पलंगावरची गादी ओढत आणली.

"अगं आई, माझी का?"

"गाडी तुझी व्हायची आहे ना? मग गादी शेजाऱ्याची आणू?"

गाडी गिअरमध्ये टाकून डाव्या कुशीवर निजवली. दीर सल्ला द्यायला पुढे सरसावला. "हँडल धर आणि सरळ वर खेच."

तिने खेचलं. गाडी चार बोटं उठली आणि पुन्हा गादीवर विसावली. दुसऱ्या वेळी तर कमरेतून कळच आली. दीर एकेका बोटाने हातमोजा चढवू लागला.

त्या कळेनेच ती भानावर आली. वॉर्डात नव्या मुलींना आपण काय शिकवतो? बोजड रुग्णाला लांबून ओढायचं नाही. त्याला भिडायचं आणि जोर मांड्यांचा लावायचा. इथे मात्र ऐकलं कुणाचं, तर ज्याला गाडी हवी त्याचं!

तिने गाडीकडे पाठ केली, खाली बसून सीटच्या कडेला कंबर टेकवली. एका हातात हँडलचं टोक, दुसऱ्यात सीटखालचा दांडा. मग बारीक पावलांनी मागे मागे रेटत गेली. धूड उठलं, सरळ झालं, पण थांबलं काही नाही. गादी नसलेल्या बाजूला धाडकन आडवं झालं. ब्रेकचं लिव्हर वाकलं.

"अरेरे!" दीर असा कळवळला, जणू गाडी नावावर झालीच होती.

"उचल म्हटलं होतं," सासूबाई म्हणाल्या, "उलटव नव्हतं म्हटलं."

नवरा धावला. तिने हातानेच त्याला अडवलं. "कुणी हात लावू नका. माझं संपलेलं नाही."

आता साइड स्टँड वरच्या अंगाला आला होता. तिने आधी तो बाहेर काढला, मग पुन्हा पाठ, कंबर, मांड्या. या वेळी गाडी सरळ झाली, जराशी पलीकडे कलली आणि स्टँडवर गुमान उभी राहिली.

नवऱ्याने एकच टाळी वाजवली, आईकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

"झाली तुझी," सासूबाई म्हणाल्या. "लाव आत."

थोरली जागची हलली नाही. श्वास लागला होता, कपाळावरून घाम ओघळत होता.

"ही सोपी बाजू होती, आई. स्टँडने सांभाळून घेतलं. रस्त्यात ती काय मला बाजू विचारून पडणार आहे?" तिने स्टँड वर केला आणि गाडी अंगावर तोलून धरली. "पुन्हा डावीकडे आडवी करते. गादी जवळ ओढता?"

सासूबाईंनी क्षणभर सुनेकडे पाहिलं. मग बाह्या सारल्या आणि गादीचं एक टोक धरलं.

"बघतोस काय?" त्या दिरावर खेकसल्या. "दुसरं टोक धर. हातमोजे आहेतच की!"