निळ्या मण्याची देवी

बोडीटोल्यात त्या चैत्रात कोंबडीच्या अंड्याला जो मान होता, तो गावच्या पाटलालाही नव्हता. धानोऱ्याच्या रस्त्याने आणि रानातल्या पायवाटांनी माणसं येत होती, आणि प्रत्येकाच्या ओंजळीत घरच्या कोंबडीचं एकेक अंडं होतं. गावात देवीची साथ शिरली होती, आणि साथीच्या पाठोपाठ अंडेमहाराज.

महाराजांची रीत ठरलेली. संध्याकाळी अंडं त्यांच्या राखेच्या टोपलीत ठेवायचं. रात्रभर ते 'जागवलं' जाई, आणि सकाळी त्याच्या रुंद टोकावर शेंदराचा टिळा दिसे. ते घरी नेऊन देवापुढे ठेवायचं आणि ऊन चढलं की स्वतःच्याच हाताने परत आणायचं. मग महाराज ते पोराच्या अंगावरून उतरवत, परातीत फोडत, आणि बलकाबरोबर लाल दोरा न् काळे दाणे बाहेर पडत.

"देखो! माय निकल गयी!"

परात पाहून बायाबापड्या जमिनीला कपाळ टेकत. त्यात महाराज फोडांनी भरलेल्या पोरांना छातीशी धरत, तरी त्यांच्या अंगावर साधी पुळी उठत नसे. एक गोष्ट मात्र ते रोज बजावत, "सुई टोचली तर माय कोपेल." म्हणून तर देवीची लस टोचायला आलेल्या सरकारी गुणवंतरावांना गावाने मागच्या आठवड्यात ढेकळं मारून हाकललं होतं, आणि तेव्हापासून ते गावाबाहेर ठाण मांडून होते.

अशा गावात वारलू ढिवराचा मुलगा इस्तारी चार वर्षांनी मुंबईहून आला. चांद्याला मॅट्रिक, नागपूरला एम.एस्सी. आणि आता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन, असा त्याचा प्रवास. संशोधन कशावर? देवीच्या विषाणूवर. हा विषाणू इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धड दिसत नाही, आणि इतका परावलंबी की जिवंत पेशीत शिरल्याशिवाय त्याची वाढच होत नाही. अशा जिवंत पेशी स्वस्तात कुठे मिळतात, तर कोंबडीच्या अंड्यात, वाढत्या पिल्लाभोवतीच्या पडद्यात. म्हणून इस्तारी चार वर्षं अंड्याला भोक पाडत होता, आत विषाणू सोडत होता, भोक मेणाने बुजवत होता आणि पेशींचं काय होतं ते लिहून ठेवत होता. एकदा उबवणीची पेटी बंद पडून सगळी अंडी सडली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या विद्वानांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. प्रबंधाचा पहिला भाग मार्गदर्शक गुरुजींनी तीनदा खोडून परत केला होता. आताही तो प्रबंधासाठी देवीच्या खपल्या गोळा करायलाच आला होता.

वारलू त्याच्याकडे बघून म्हणाला, "चार वर्षं तू अंडेच फोडून राह्यला, तुले कोनं एक नारळ तरी देल्लं का? थो महाराज पाय. आठ दिवसात देव झाला!"

इस्तारी हसला, पण बहिणीचं बोलणं ऐकून त्याचं हसू विरलं. आशाबाईची चार वर्षांची कुंता परवाच सोमाजीच्या पोरासोबत एका पानात जेवली होती, आणि त्या पोराचं अंग आता फोडांनी भरलं होतं.

"परवा? बाई, मंग आजच टोचाले पायजे! तीन दिवसांच्या आत टोचलं तं लेकरू वाचते. उद्यापर्यंत थांबशील तं मीबी काही करू शकनार नाई."

"मी तुह्यावानी शिकली नाई, इस्तारी. मले एकच लेकरू हाय. माय कोपली तं तू भरून देशील का?" असं म्हणून तिने देवापुढचं शेंदूर लावलेलं अंडं पदराखाली घेतलं.

इस्तारीची नजर त्या टिळ्यावर खिळली. टिळा रुंद टोकावर होता. अंड्यात त्या टोकाला हवेची पोकळी असते, तिथे भोक पाडलं तर आतलं बाहेर सांडत नाही. हे शिकायला त्याला सहा महिने आणि गुरुजींच्या शंभर शिव्या लागल्या होत्या.

त्याने बहिणीला धानाच्या अंधाऱ्या कोठीत नेलं, कंदील लावला आणि अंडं उजेडासमोर धरलं. आत बलकाची सावली होती, आणि तिच्याजवळ एक गुंतवळ. नखाने शेंदूर खरवडला, तर खाली मेणाचा ठिपका निघाला.

"पाय."

"थे मायच असन आतमंदी," आशाबाई म्हणाली, पण तिचा आवाज जरा खाली आला होता.

मग इस्तारीने घरातलं दुसरं अंडं घेतलं. मुंबईहून आणलेल्या आपल्या पेटीतल्या सुईने रुंद टोकाला भोक पाडलं. कुंताच्या तुटक्या माळेतला एक बारका निळा मणी बहिणीच्या डोळ्यांदेखत आत सोडला, भोक मेणाने बुजवलं, वर शेंदूर फासला.

"हे अंडं ने. काही बोलू नको. महाराजानं 'हा मनी होय' असं सांगतलं, तं मी सुईचं नाव काढनार नाई. नाई सांगतलं, तं कुंताले माह्याजवळ दे."

आशाबाईने ते अंडं पदराखाली घेतलं, कुंताचा हात धरला आणि ती उठली.

महाराज पाटावर बसले होते. दंडावर वीतभर रुंद रुद्राक्षांचा पट्टा. त्यांनी अंडं कुंताच्या डोक्यावरून, पोटावरून उतरवलं, डोळे फिरवले, हुंकार भरला, आणि परातीत फोडलं. निळा मणी टणकन परातीवर आपटला.

महाराज क्षणभर थबकले. पण अशा धंद्यात जीभ अडखळून चालत नाही. "नीली माय!" ते किंचाळले. "सबसे भयंकर! सात पिढ्यांत एकदा निघते! कोणीतरी घरात सुईचं नाव घेतलं, म्हणून आली!"

गर्दीने हात जोडले. कोणीतरी आशाबाईला मागे सरायला सांगू लागलं. पण ती उलट पुढे आली.

"महाराज, थो माह्या कुंताचा मनी होय. सकाळी माह्यासमोर घातला अंड्यात."

गर्दीचे जोडलेले हात सुटले. गर्दीत उभ्या इस्तारीने पुढे येऊन लोकांनी परत आणलेली अंडी घेतली, एकेकाचा टिळा खरवडला आणि मेण लोकांच्या हातावर ठेवलं. भोक कसं पाडतात, दोरा कसा सरकवतात, सगळं करून दाखवलं. वारलू तोंड उघडं टाकून पाहत होता. पोरगा चार वर्षं काय शिकत होता ते त्याला आज कळलं.

तरी सोमाजी रडवेला होऊन म्हणाला, "असन बाप्पा मेन. पन महाराज माह्या पोराले कवटाळते, तरी त्याहिले देवी काऊन येत नाई?"

आशाबाईची नजर इस्तारीच्या दंडावरच्या टोचल्याच्या व्रणांवर गेली, मग महाराजांच्या पट्ट्यावर. तिने महाराजांचा हात धरला आणि रुद्राक्षांचा पट्टा हिसडून वर सारला. खाली दंडावर चार गोल, जुने व्रण होते. असेच व्रण इस्तारीच्या दंडावर होते, आणि गुणवंतरावांच्याही. बोडीटोल्यातल्या एकाही पोराच्या दंडावर नव्हते.

"सोताले टोचून घेतलं," ती म्हणाली, "अन् आमच्या लेकराले नाई मनता?"

महाराज दुपारच्या आत रानाच्या वाटेने पसार झाले. गावाबाहेर मोहाखाली पेटी घेऊन बसलेल्या गुणवंतरावांना लोकांनी हाताला धरून आणलं. पहिला दंड कुंताचा. ती भोकाड पसरून रडली आणि आशाबाईही रडली. आठव्या दिवशी दंडावर टपोरा फोड आला, अंगावर मात्र पुढेही एकही उठला नाही. सोमाजीचं पोर गेलं. त्याची 'माय' महाराजांनी दोनदा बाहेर काढली होती.

इस्तारीने प्रबंधात या अंड्यांबद्दल एक परिच्छेद लिहिला. गुरुजींनी तो खोडला आणि बाजूला लिहिलं, 'विषयाशी संबंध नाही.' मला विचाराल तर गुरुजी चुकले. विषाणूला एकट्याला काही करता येत नाही. तो जिवंत पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपली पिलावळ वाढवून घेतो. महाराजही असेच आपल्या भीतीत शिरतात आणि बाकीचं काम आपणच करून देतो. तेव्हा उद्या कोणी शेंदूर लावलेलं अंडं घेऊन तुमच्या दारात आला, तर हात जोडू नका. कंदील लावा, अंडं उजेडासमोर धरा, आणि लेकराला आजच टोचून आणा.