जानीचा गेळा

“साहेब, तू सावलीत बस. मासा वर यायला टाइम लागल,” जानी म्हणाली आणि ठेचलेल्या गेळ्याची टोपली तिने डोहात पालथी केली.

चौकशीला तालुक्याहून आलेले साहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मी मागे फाइल धरून उभा. मी विष्णू, उधव्याकडच्या उपकेंद्रातला आरोग्यसेवक, नोकरीला बावीस वर्षं झाली, आणि या सगळ्या घोळाचा मूळ पुरुष मीच.

आमच्याकडे उन्हाळ्यात ओहोळाचे नुसते डोह उरले की गेळ्याची फळं ठेचून पाण्यात टाकतात. मासा गुंगतो, उलटा होऊन वर येतो. खाणाऱ्याला काही होत नाही. गेळा कोणीही टाको, मासा सगळ्या पाड्याचा. कोणी टाकला, हे विचारायची पद्धतच नाही. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी डोहात मासे तरंगताना दिसले, तेव्हाही कोणी विचारलं नाही. सगळे टोपल्या घेऊन धावले. वरच्या पुलावरून रसायनाचा एक टँकर ओहोळात आपलं पोट रिकामं करून गेला होता, हे एका गुराख्याने सांगितलं तेव्हा दुपार उलटली होती. कालवण कडू लागलं तर लोक म्हणाले, गेळा जास्त पडलाय. एकोणीस माणसं ओकून आडवी झाली. जानीचा मुलगा लाहू तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. कालवण जानीनेच रांधलं होतं, आणि आपल्या वाटचा मासाही त्याच्याच ताटात टाकला होता.

दवाखान्यात ती लेकाच्या उशाशी बसलेली असताना मी विचारलं होतं, “गेळा कोणी टाकला?”

“टाकला आसंल कोनी,” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

मी गाढवासारखा तेच लिहून मोकळा झालो. ‘विषारी फळाने धरलेले मासे खाल्ल्याने बाधा.’ त्या एका ओळीने टँकरवाला सुटला आणि कालवण रांधणारी जानी अडकली. पाड्यात बातमी पोचायला कागद लागत नाही. लाहूच्या बायकोने, रूपीने, सासूच्या हातचं जेवणं सोडलं. सासू ताट वाढायची, सून ते तसंच कुत्र्यापुढे ठेवायची.

म्हणून जानीने अर्ज करवला होता. साहेबांसमोर गेळा टाकायचा, मासा धरायचा, रांधायचा आणि आधी आपण खायचा. साहेब लिहितील ते लिहितील, पण रूपी बघेल. रूपी तीन दगडांच्या चुलीशी बसली होती. पातेल्यात मीठमिरचीचं पाणी उकळत होतं.

“साहेब, पाण्याचा रिपोर्ट?” मी हळूच विचारलं.

“येईल तेव्हा येईल. तोवर प्रकरण उघडं ठेवायचं का? आणि टँकरचा नंबर आहे कोणाकडे?”

नंबर नव्हता. गुराखी शाळेत गेलेला नव्हता.

गेळ्याचा फेस डोहभर पसरला. अर्धा तास गेला, मग तास. पाणी हललं नाही. जानी काठावर उकिडवी बसून होती. मध्येच तिने साहेबांपुढे तांब्या धरला. “पानी पी. बोरिंगचं हाय.”

“नको, नको,” साहेब घाईने म्हणाले आणि त्यांनी गाडीतली सीलबंद बाटली मागवली. मलाही तहान लागली होती. मीही तांब्याला हात लावला नाही.

“आजी, तुमचं विष काही चालत नाही बुवा,” घड्याळ बघत साहेब हसले.

“इख नाय ते. लाहू पोटात व्हता तवाबी मी ह्योच मासा खाल्ला.” मग ती पाण्याकडे बघत राहिली आणि एकदम उठली. “मासाच नाय, साहेब. बेंडूकबी नाय. मंग कोनी मारला? गेळ्यानी तं आसा डोह मरत नाय. हेच लिही ना तू.”

“लिहा,” साहेब मला म्हणाले, “प्रात्यक्षिकात मासा मिळाला नाही. अर्जदाराचं म्हणणं सिद्ध झालं नाही.”

“पण मासाच उरला नाही, हाही पुरावाच आहे ना, साहेब?”

“तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?”

मी नव्हतो. मी लिहिलं.

शाईचं पॅड पुढे केलं तेव्हा जानी म्हणाली, “वाच.” मी वाचलं. तिने हात पदराखाली घेतला. “माझा आंगठा नाय यावर.”

‘अंगठा देण्यास नकार’ एवढं मी खाली वाढवलं आणि साक्षीदार म्हणून सही केली. लाज वाटली. तरी केली.

रूपी उठली. तिने पातेलं चुलीवरच उपडं केलं, रिकामं काखेत मारलं आणि पाड्याच्या वाटेला लागली.

“रूपे, थांब गं! दगडाखाली आसंल येकादा!” जानी ओरडली. रूपीने मागे पाहिलं नाही.

आमची जीप वळली तेव्हा जानी कमरेइतक्या पाण्यात उतरली होती. ती एक दगड उचलायची, खाली हात घालून चाचपायची, रिकामा हात वर काढायची आणि पुढच्या दगडाकडे जायची.